कोरड्या दगडाचा वास

तिसऱ्या दिवशी पिंपांना घाण सुटली आणि जकियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साधीसुधी घाण नव्हती ती. दुकानामागच्या अंगणात दगड भिजत घातलेली अकरा पिंपं होती आणि बहरीनच्या मनामा शहरातलं मे महिन्याचं ऊन होतं. सकाळी दहालाच गल्लीच्या तोंडापर्यंत वास पोहोचला. शेजारची उम्म-जासिम शिवणयंत्र सोडून, अबायाची कड नाकाला लावून दारात उभी राहिली.

"महियावा घातलायस का गं पिंपांत? तसं असेल तर सांग, गरम भाकरी घेऊन येते!"

"माशाची चटणी नाही घातली. दगड भिजवतेय," जकिया म्हणाली.

"अगं बाई! दगड कधीपासून कुजायला लागले?"

उम्म-जासिम टोमणा मारून आपल्या यंत्राकडे गेली, पण तिचा प्रश्न जकियाला काट्यासारखा रुतला. कारण पहाटेपासून ती स्वतःला तेच विचारत होती.

अठरा वर्षं तिचा हाच धंदा. खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या मांडून द्यायच्या, त्यांत मासे नि पोवळी जगवायची. नवखं गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, समुद्रातून काढलेला जिवंत दगड द्या, लगेच शोभा येते. जकिया विचारायची, "समुद्र काय तुझ्या आजोबांनी विकत घेऊन ठेवलाय?" मग ती त्याला कोरडा दगड दाखवायची. पांढराफटक, भोकाभोकांचा, जमिनीतून खणलेला, हजारो वर्षांपूर्वी मेलेला. पाया त्याचाच घालायचा. चार-सहा आठवडे तो भिजवायचा, पाणी बदलत राहायचं, मग त्याच्या शेजारी तळहाताएवढा एकच जिवंत तुकडा ठेवायचा आणि गप्प बसायचं. जीव आपल्या पायांनी चालत येतो. पांढरा दगड आधी तपकिरी होतो, मग हिरवा, आणि वर्षभराने जांभळा. ज्याला घाई आहे त्याने पोपट पाळावा, असं ती तोंडावर सांगायची.

जुना कोरडा दगड भिजवला की त्याला ओल्या भिंतीसारखा वास येतो. मेलेल्याला पुन्हा मरता येत नाही. ज्याला कुजण्याची घाण सुटते, तो परवापरवापर्यंत जिवंत असतो. हे जकियाला पाठ होतं, आणि म्हणूनच ती पिंपांपाशी नुसती उभी राहून दात चावत होती.

"पोरी," आतून हाजी रझींनी हाक मारली. "हा फश्तचा वास आहे."

हाजी रझी तिचे वडील. वय चौऱ्याऐंशी. उभा जन्म होडीत गेला आणि शेवटी काचबिंदूने डोळे नेले. दुकानात शिरताच जी पहिली काचपेटी होती तिच्याजवळ त्यांचं स्टूल. दिवसभर त्यांचा एक हात काचेवर असे.

"कसला फश्त, बाबा? खाणीतला दगड आहे. कागद आहे माझ्याकडे."

"कागदाला नाक असतं का?" हाजी म्हणाले. "असं उन्हाळ्याचं ऊन तापलं, ओहोटीला फश्तने पाठ उघडी टाकली, की दुपारी होडीत असाच वास यायचा. आम्ही त्या वासावरून धुक्यात वाट काढायचो. मला शिकवू नकोस."

"तुम्हाला आता सगळीकडे फश्तच दिसतो."

"मला काहीच दिसत नाही. म्हणून तर सांगतोय."

फश्त सुमैर म्हणजे समुद्रातला तो लांबलचक खडक, ज्याच्यावर त्यांच्या गावाच्या चार पिढ्या जगल्या. एकोणीस वर्षांपूर्वी तिथे समुद्र बुजवून बेट करायचं ठरलं. गाळ उपसणारी जहाजं आली, त्याच्या आदल्या दिवशी हाजी एकटेच होडी घेऊन गेले आणि तुपाच्या डब्यात एक दगड घालून घेऊन आले. घागरीएवढा, अंगभर पोवळी. डोळ्यांदेखत घर जळत असताना माणूस हाताला लागेल ते उचलतो, तसा त्यांनी तो उचलला होता. तोच दगड आज त्या पहिल्या काचपेटीत होता. जकियाच्या सगळ्या पेट्यांना जीव मिळाला तो त्याच्याच तुकड्यांमधून.

पण आता तो पेटीत मावत नव्हता. पोवळ्यांच्या फांद्या दोन्हीकडून काचेला टेकल्या होत्या. दर तीन महिन्यांनी जकिया त्या छाटायची आणि हाजी तोंड फिरवून बसायचे. "गुदमरतोय तो," एवढंच म्हणायचे.

म्हणूनच तर तिने हे काम घेतलं. त्या नव्या बेटावर हॉटेल उभं राहत होतं आणि त्याच्या दालनात वीस हजार लिटरची काचपेटी व्हायची होती. पायाला कोरडा दगड हॉटेलवाल्यांनीच पुरवायचा, रचायचं जकियाने, आणि मधोमध कायमचा ठेवायचा हाजी रझींचा जिवंत दगड. बेट कुणी बांधलं आणि कशावर बांधलं, ते ठाऊक असूनही तिने आवंढा गिळला होता. हाजींनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "जाऊ दे. मोठ्या पाण्यात जाऊ दे बिचाऱ्याला. मी गेल्यावर या डबक्यात त्याचं काय होईल?" त्या दगडाला हक्काचं पाणी मिळावं, एवढ्याचसाठी बापलेकीने राग गिळला होता.

दुपारी हॉटेलचा कारभार बघणारा मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, फहमी आला. पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात दोन फोन, आणि नाकाला रुमाल.

"बहिणी, हे काय चालवलंयस? माणूस मेलाय का मागे?"

"तुम्ही पाठवलेला दगड आहे. मला सांगा, हा कुठून आणला?"

"खाणीतला. कागद दिलाय ना तुला? शिक्का बघ, सही बघ." त्याने एका फोनवर कुणाला तरी थांबायला सांगितलं. "ऐक. उद्घाटन अलीकडे आलंय. येत्या गुरुवारी संध्याकाळी. बेटाचे मालक अबू-नासिर शेखसाहेब स्वतः येणार, पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार. रविवारी दगड रचून टाक."

"रविवारी? अजून सहा आठवडे भिजवायचाय."

"नळ सोडून धुऊन टाक."

"धुतल्याने आतलं जातं का? भोकाभोकांत मेलेलं भरलंय. पेटीत घातलंत की पाणी नासेल, घाण सुटेल, एक मासा जगायचा नाही."

"वर काचेचं झाकण आहे. निळे दिवे लावू. कुणाला काय कळतंय! आणि तुझा तो म्हाताऱ्याचा दगड गुरुवारी सगळ्यांसमोर पाण्यात सोडायचा. हाजींना खुर्ची ठेवतो, पितळी पाटी करून घेतलीय. 'बहरीनचा जिवंत समुद्र'. कसं वाटतं?"

हाजी स्टुलावरून म्हणाले, "पाटी छान आहे, बाळा. समुद्र कुठाय?" फहमी हसला. थट्टा आहे असं त्याला वाटलं.

तो गेल्यावर जकियाने बाह्या सरसावल्या आणि एक पिंप सरळ आडवं केलं. काळं पाणी अंगणभर झालं. ती उकिडवी बसली आणि ब्रश घेऊन एकेक दगड खरवडू लागली. भोकांतून सडलेले स्पंज निघाले, किड्यांच्या नळ्या निघाल्या, एका कपारीतून अख्खा खेकडा निघाला, पाय पोटाशी घेतलेला. खाणीत खेकडा! तिने तो कागद आणून त्या खेकड्याखाली ठेवला, शिक्का नि सहीसकट, आणि पुढचं पिंप आडवं केलं.

चौथ्या पिंपात तो दगड मिळाला.

ताटलीएवढा जाड चपटा दगड, मधोमध आरपार भोक. निसर्गाने केलेलं नव्हे, माणसाने घासून गोल केलेलं. भोकाला शिशाची कड बसवलेली. एका अंगाला तीन खाचा, शेजारी शेजारी. जकियाने त्या दगडाविषयी आयुष्यभर ऐकलं होतं, पण पाहिला कधी नव्हता.

तिने तो दोन्ही हातांनी उचलून हाजींच्या मांडीवर ठेवला. थोब भिजला. त्यांची बोटं भोकाच्या कडेने एकदा फिरली, शिशावरून फिरली, मग खाचांवर आली. एक, दोन, तीन.

"चौचबचं तोंड," ते म्हणाले.

फश्तच्या पोटात गोड्या पाण्याचा झरा होता, त्यालाच चौचब म्हणायचे. खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडं पाणी. मोत्यांच्या काळात माणसं कातडी पिशवी घेऊन बुडी मारायची आणि झऱ्याच्या तोंडाला पिशवी लावून भरून आणायची. पुढे हाजींच्या वडिलांनी झऱ्याच्या तोंडावर हा दगड बसवला, त्यात नळी खोचली, आणि ओळखीला तीन खाचा पाडल्या, तीन मुलांच्या. त्यांतली मधली हाजींची. झरा आटून जमाना झाला. दगड मात्र जागेवरच होता, फश्तच्या शेवटच्या पट्टीत, जिथे गेली पाच वर्षं कोळ्यांना जायला बंदी होती.

"म्हणजे तिथेही जहाज गेलं," हाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मानेवरची शीर टरारून आली होती. "शेवटची पट्टीपण ओरबाडली त्यांनी. मला सांगितलं होतं, ती ठेवणार आहेत. अबू-नासिरने मशिदीच्या दारात माझा हात धरून सांगितलं होतं."

संध्याकाळी ट्रकवाला मोतालिब उरलेला दगड घेऊन आला. बांगलादेशातल्या सिल्हेटचा माणूस, पन्नाशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली. जकियाने त्याला गाडीतून उतरूही दिलं नाही.

"मोतालिब, अल्लाला स्मरून सांग. हा दगड कुठून भरतोस?"

"यार्डातून, मॅडम."

"कुठल्या यार्डातून?"

"बेटाच्या मागचं यार्ड. जहाज समुद्रातून काढतं, तिथे ढीग लावतात, उन्हात वाळवतात. पांढरा झाला की कोरडा दगड म्हणून जातो." तिचा चेहरा पाहून तो गडबडला. "मी काय केलं, मॅडम? तुम्हाला तर माहीतच असेल. सहा वर्षं मी तुम्हाला तिथूनच आणून देतो."

"काय?"

"नेहमीचा माल, मॅडम. तुमचा तो खाणवाला यार्डातूनच उचलतो. आधीचा ढीग जुना होता, चार-पाच वर्षं उन्हात पडलेला, वास मेला होता त्याचा. हा ढीग या हिवाळ्यातला. ताजा."

जकिया ट्रकचं दार धरून उभी राहिली. सहा वर्षं. 'समुद्र काय तुझ्या आजोबांनी विकत घेऊन ठेवलाय?' असं तोंड वर करून विचारणारी ती, स्वतःच्या आजोबांचा समुद्र वजनावर विकत होती. शिक्का बघितला, सही बघितली, आणि दगडाला एकदाही विचारलं नाही. जगाला अक्कल शिकवणाऱ्या बाईला चोराने चोरीचाच माल विकला आणि वर पावती दिली. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याऐवजी तिने ट्रकच्या दाराला लाथ घातली. मोतालिब "या अल्ला" म्हणून मागे सरकला.

हे हाजींना सांगायची तिची छाती झाली नाही. ती आत आली आणि एवढंच म्हणाली, "उद्या त्या फहमीच्या तोंडावर सगळी पिंपं ओतून येते. काम गेलं खड्ड्यात."

"नाही," हाजी म्हणाले. "तो काय म्हणाला होता? रविवारी रचून टाक. रच."

"बाबा!"

"फश्तला त्यांच्या दिवाणखान्यात जायचंय ना? जाऊ दे. आहे तसा. आंघोळ घालू नकोस त्याला, अत्तर लावू नकोस. आपला दगड मात्र इथून हलणार नाही. गुदमरला तरी चालेल, आपल्या घरी गुदमरेल."

रविवारी जकियाने दगड रचला, आणि जीव ओतून रचला. कपारी केल्या, कमानी केल्या, ओहोटीच्या बाजूचा उतार हाजींनी सांगितला तसाच उतरवला. पाणी भरण्याआधी तिने बिलाच्या वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं: हा दगड भिजवून झालेला नाही, तो पाण्यात कुजेल, हे मी सांगितलं आहे, तरी मालकाच्या आज्ञेवरून भरत आहे. फहमीने फोनवर बोलता बोलता सही ठोकली. वाचलंही नाही.

"मासे कधी?" त्याने विचारलं.

"मासे घालणार नाही. त्यांचा काय गुन्हा?"

"बरं, गुरुवारनंतर बघू."

बुधवारपर्यंत पाणी दुधाळ झालं, पण निळ्या दिव्यांखाली ते धुकं असल्यासारखं दिसत होतं आणि फहमी खूष होता. झाकण घट्ट बसलं होतं. चार दिवसांची घाण झाकणाखाली कोंडून राहिली.

गुरुवारी संध्याकाळी दालन माणसांनी भरलं. ऊदाचा धूर, केशराचं पाणी, खजुराच्या थाळ्या. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं बसवली होती, जुन्या मोतीवाल्यांच्या नि नाखवांच्या घरातली, शोभेला. हाजी रझी धुतलेल्या थोबात, जकियाच्या खांद्यावर हात ठेवून आले. तिच्या दुसऱ्या हातात तोच एकोणीस वर्षांपूर्वीचा तुपाचा डबा होता, वर फडकं झाकलेलं. फोटोवाले पुढे सरसावले. अबू-नासिर उठला, हाजींपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण त्याच पाण्यात पोहायला शिकलेला. त्याने हाजींच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"हाजी, तुमच्या हातांनी होऊ द्या," तो म्हणाला.

फहमीने शिडीवर चढून स्वतः झाकण उचललं.

आधी तो स्वतःच मागे कलंडला. मग वास खाली उतरला, पहिल्या रांगेवर, दुसऱ्या रांगेवर, खजुरांवर, केशरावर. बायकांनी नाकाला अबायाच्या कडा लावल्या. कुणाला तरी उमासा आला. "ऊद आणा! आणखी ऊद आणा!" फहमी ओरडत होता आणि नोकर धावत होते, पण ऊदाने त्या वासाला काही होईना.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मात्र नाकं झाकली नाहीत. त्यांनी माना वर केल्या. एकेकाने डोळे मिटले.

अबू-नासिर काचेकडे बघत होता. त्याच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हा तर ओहोटीचा..." आणि तो थांबला.

"बोल ना," हाजी रझी म्हणाले. "नाव घे. नाव विसरलास का?"

पहिल्या रांगेतला एक लटलटत्या मानेचा म्हातारा बोलला. "फश्त सुमैर."

"हो," दुसरा म्हणाला. "सुमैरच."

जकियाने डबा जमिनीवर ठेवला आणि फडकं काढलं. आत पाणी नव्हतं, पोवळी नव्हती. तिने तो भोकाचा दगड उचलून पितळी पाटीखालच्या मेजावर ठेवला. आवाज दालनभर झाला.

"तुमचा माल खाणीतला आहे ना, मुहंदिस?" ती म्हणाली. "मग या खाणीतून माझे आजोबा पाणी प्यायचे. खाचा मोजा. एक माझ्या बापाची आहे. जिवंत दगड हवा होता तुम्हाला? हा सगळाच जिवंत होता, डिसेंबरपर्यंत. तुम्ही मारलात, वाळवलात, आणि आता त्याच्यासमोर टाळ्या वाजवायला लोक बोलावलेत. थू तुमच्या पाटीवर!"

"बहिणी, हे काय बोलतेस, पाहुण्यांसमोर..." फहमी खाली उतरत म्हणाला. "अशी घाण होणार हे तू सांगायला हवं होतंस!"

तिने बिलाच्या वहीचं पान त्याच्या हातात दिलं. "सही कुणाची आहे? आता तरी वाच."

हाजींनी अबू-नासिरच्या दिशेने हात पुढे केला. त्याला वाटलं, हात मिळवायला. त्याने आपला दिला. हाजींनी तो धरून दगडाच्या भोकावर ठेवला आणि क्षणभर तसाच दाबून धरला. मग सोडला. "मशिदीच्या दारातही असाच धरला होतास," ते म्हणाले, आणि जकियाच्या खांद्याला हात लावला. दोघांनी मिळून दगड डब्यात ठेवला आणि दोघं निघाली. कुणी अडवलं नाही.

गाडी पुलावर आल्यावर हाजी म्हणाले, "खिडकी उघड. त्यांचा ऊद अंगाला लागलाय." तिने खिडकी उघडली.

"पोरी, एक विचारू?"

"विचारा."

"दुकानातून तू जो कोरडा दगड देतेस लोकांना. तो कुठला?"

तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागच्या गाडीने हॉर्न मारला. खोटं बोलायचं तिच्या मनात येऊन गेलं, पण वास अजून दोघांच्या कपड्यांत होता.

"तोच," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं, बाबा. शपथ."

"किती वर्षं?"

"सहा."

हाजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. गल्ली आली, दुकान आलं. तिने गाडी थांबवली, खाली उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. ते बसूनच राहिले, डबा मांडीवर घेऊन.

"जगलेत का ते?" त्यांनी विचारलं. "लोकांच्या घरचे?"

"बहुतेक सगळे. नीट भिजवून दिले होते. सगळ्यांवर आपल्याच दगडाचा जीव चढवलाय. जांभळे झालेत आता."

"किती घरं?"

"एकेचाळीस."

हाजींनी हात पुढे केला आणि तिने तो धरला. पण ते उठले नाहीत. त्यांच्या बोटांची पकड घट्ट होती, तिला दुखावं इतकी. त्यांचा राग गेलेला नव्हता आणि तो जावा असं तिलाही वाटत नव्हतं.

"उद्यापासून मला ने," ते म्हणाले. "एकेका घरी. सगळ्यांना हात लावून यायचंय."